४३ सेकंदांचा निरोप: क्रूझ कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
क्रूझ जहाजं चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक
आणि जहाजावरच्या इंटरनेट पॅकेजांचे नियम ठरवणारी मंडळी

स. न. वि. वि.

किनारा सोडून तीन रात्री झाल्या होत्या आणि पुढचं बंदर अजून दोन दिवसांवर होतं. सकाळी साडेसातला नाश्त्याच्या टेबलावर फोन उघडला, तर धाकट्या भावाचे दोन निरोप येऊन पडले होते. पहिला आवाजातला, ४३ सेकंदांचा. त्याखाली लिहिलेला दुसरा: 'आता काळजीचं कारण नाही. तू धावपळ करू नकोस.'

पहिला उघडेना. बोट ठेवलं की बारीकसं वर्तुळ फिरायला लागायचं, थोडं फिरून थांबायचं, आणि पुन्हा तो खाली वळलेला बाण. आता काळजीचं कारण नाही, म्हणजे आधी होतं. कोणाचं? घरी आई आहे, तिचं वय झालंय. भावाची मुलगी लहान आहे. आणि भर समुद्रात मी धावपळ करून करून किती करणार, फार तर डेकला चार फेऱ्या मारीन, हे त्या बिचाऱ्याला सुचलं नसावं. मी लगेच लिहिलं, 'काय झालं? टाइप करून पाठव.' निरोप गेला, दोन टिकाही आल्या, उत्तर मात्र नाही. रात्रभर जागून तो झोपून गेला होता.

माझा धंदा नेटवर्कचा. बावीस वर्षं लोकांची नेटवर्कं सांभाळतोय. तरीही पुढचे अडीच तास मी फोन वर धरून जहाजभर सिग्नल शोधत हिंडलो. जिन्याजवळ, लिफ्टच्या बाहेर, वरच्या डेकवर. वाय-फायच्या रेघा सगळीकडे पूर्ण. दहा वाजता इंटरनेटचं काउंटर उघडलं. तिथल्या मुलीने माझा केबिन नंबर घातला, स्क्रीन बघितली आणि अगदी नम्रपणे सांगितलं की मी घेतलेलं पॅकेज 'मेसेजिंग'चं आहे. त्यात लिहिलेले निरोप येतात-जातात. फोटो, व्हॉइस नोट आणि कॉल वरच्या पॅकेजमध्ये.

तिच्या पाठीमागे भिंतीवर त्याच पॅकेजची जाहिरात लावलेली होती. एक आजीबाई फोनकडे बघून हसताहेत, पडद्यावर नातू, खाली ओळ: 'आपल्या माणसांच्या सतत संपर्कात राहा'. आजीबाई व्हिडिओ कॉलवर आहेत आणि तुमच्या पॅकेजात साधी व्हॉइस नोट बसत नाही, असं मी तिला म्हटलं. तिने मान वळवून भिंतीकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि कसनुसं हसली.

वरचं पॅकेज घेतलं. जुनं लॉगिन सुटून नवं लागायला अर्धा तास गेला, आणि मग निरोप डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घालून पहाटे घरी आणलं, आता झोपली आहे. ४३ सेकंदांत एवढंच.

ती फाइल शंभर केबीच्या आसपास असेल. ती तुमच्या नळातून गेली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. त्याच सकाळी शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ, कोणीतरी खोक्यातून नवा फोन बाहेर काढतोय, असा व्हिडिओ अंड्याचा घास तोंडात धरून बघत होते. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी वरचं पॅकेज घेतलं होतं.

जहाजावर इंटरनेट हळू चालतं, अशी रडगाणी तुमच्या टेबलावर ढिगाने येत असतील. हे त्यांतलं नाही. भर समुद्रात इंटरनेट पोचवणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. उलट ते चालतं याचंच मला धंद्यातला माणूस म्हणून कौतुक वाटतं.

जमिनीवरचा मोबाइल टॉवर समुद्रात फार लांब पोचत नाही. जीएसएम या जुन्या मोबाइल पद्धतीत तर सिग्नलच्या वेळेच्या हिशोबातच ३५ किलोमीटरची हद्द आखलेली आहे, आणि पृथ्वीचा बाक बऱ्याचदा त्याच्या आधीच आडवा येतो. खाली समुद्राच्या तळाशी फायबरच्या केबल पसरल्यात. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा बहुतेक सगळा डेटा त्यांतूनच वाहतो. जहाज त्यांच्या डोक्यावरून जातं, पण भरल्या विहिरीच्या काठी पोहरा नसलेल्या माणसासारखी त्याची गत. उरतं आकाश.

आकाशातली जुनी व्यवस्था म्हणजे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह. पृथ्वीबरोबरच फिरतात म्हणून एकाच जागी टांगल्यासारखे दिसतात, तीन-चार उपग्रहांत ध्रुवांकडचे भाग सोडून सगळं जग झाकलं जातं. समुद्रावरच्या दळणवळणासाठी १९७९ साली इनमारसॅट ही संस्था उभी राहिली ती याच भरवशावर, आणि तिचं पहिलं काम जहाजांची सुरक्षितता हे होतं, प्रवाशांची करमणूक नव्हे. अडचण अंतराची. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. अर्धा सेकंद ऐकायला काहीच नाही. पण एखादं वेबपान उघडायचं तर पानाचा पहिला तुकडा हातात पडण्याआधी फोनला तीन-चार हेलपाटे घालावे लागतात: आधी पत्ता विचारा, मग दार वाजवा, मग कुलूप-किल्ली जुळवा. दर हेलपाट्याला अर्धा सेकंद. वर शेकडो लोक त्याच रांगेत. नव्वदीच्या अखेरीस जहाजांवर इंटरनेट कॅफे आले तेव्हा मिनिटावर मीटर पडायचं, आणि त्यातली निम्मी मिनिटं माणूस रिकाम्या पांढऱ्या पडद्याकडे बघण्यात घालवायचा.

मग मधल्या कक्षेतले उपग्रह आले. ओथ्रीबी या कंपनीचे उपग्रह साधारण ८,००० किलोमीटरवर फिरतात, आणि त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत क्रूझ जहाजं होती. त्यानंतर स्टारलिंक. उंची ५५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर-खाली एका खेपेला तीन-चार मिलीसेकंद. बाकीचा वेळ यंत्रं आणि जमिनीवरचा प्रवास खातात, तरी अर्ध्या सेकंदाच्या मानाने हे काहीच नाही. असा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, मग दुसरा, मग तिसरा. जहाजावरची सपाट थाळी न हलता, नुसत्या विजेच्या खेळाने आपला झोत एकावरून दुसऱ्यावर फिरवते. भर महासागरात खाली जमिनीवरचं केंद्र दिसत नसेल तर उपग्रह लेझरने शेजारच्या उपग्रहाकडे डेटा सरकवतो, तो पुढच्याकडे, किनारा येईपर्यंत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने आपल्या सगळ्या जहाजांवर ही सेवा बसवायचं जाहीर केलं आणि बघता बघता बाकीच्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. पाच-सात वर्षांपूर्वी भर समुद्रातून व्हिडिओ कॉल लावतो म्हटलं असतं तर लोक हसले असते. आज लागतो.

म्हणजे नळ मोठा झाला, आणि तुमचे नियम मात्र अजून त्या मिनिटाच्या मीटरच्या काळातलेच राहिले.

नळ कितीही मोठा झाला तरी समुद्रावर तो सगळ्यांना सगळ्या वेळी पुरायचा नाही, हेही मला मान्य आहे. 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी मावतात. एखादा मोठा गावच तो. समजा त्यातल्या पाव प्रवाशांनी रात्री जेवणानंतर एकाच वेळी चांगल्या दर्जाचा व्हिडिओ लावला आणि प्रत्येकाला सेकंदाला ५ मेगाबिट लागले, तर नुसत्या त्यांनाच साडेनऊ गिगाबिटचा प्रवाह हवा. एवढा प्रवाह तरंगत्या जहाजावर अखंड ठेवणं म्हणजे खायचं काम नाही.

शिवाय जहाज म्हणजे पोलादाचं खोकं. वाय-फायचा सिग्नल पोलादापुढे हात टेकतो, म्हणून पॅसेजमध्ये पूर्ण असलेल्या रेघा केबिनचं दार लावलं की एकीवर येतात. जहाजाच्या माथ्यावर पांढरे घुमट असतात, प्रवासी त्यांना रडार समजून फोटो काढतात. त्यांच्या आत उपग्रहाकडे तोंड करून ताटली बसवलेली असते. जहाज डोललं, वळलं, तरी मोटरी तिचं तोंड हलू देत नाहीत. पण जहाजाने अशी दिशा घेतली की ताटली आणि उपग्रह यांच्या मधोमध स्वतःचंच धुराडं आलं, की संपलं. फार उत्तरेला गेलात तर भूस्थिर उपग्रह क्षितिजाला टेकतो. फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत, शिरलात की दोन्ही बाजूंच्या कड्यांनी आकाशाची नुसती पट्टी उरते. उपग्रह ज्या रेडिओ लहरींवर बोलतात त्यांतल्या 'केए' (Ka) आणि 'केयू' (Ku) या पट्ट्यांतला सिग्नल धो धो पाऊस पिऊन टाकतो. आणि एखाद्या देशाच्या सागरी हद्दीत त्या सेवेला परवानगीच नसेल तर यंत्रणा ठणठणीत असूनही बंद ठेवावी लागते.

हे सगळं तुमच्या इंजिनियरांना तोंडपाठ आहे. मार्ग ठरलेला असतो, बंदरं ठरलेली असतात, कुठल्या दिवशी कुठे अडचण येणार याचा अंदाज त्यांच्याकडे असतो. मग तो बुकिंग करणाऱ्याला का सांगत नाही? माझं पॅकेज 'अमर्याद' होतं. कशाच्या बाबतीत अमर्याद, हे बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. वेगाची हमी नाही, अखंडतेची नाही, एका वेळी एकच फोन, आणि कोणती ॲप चालतील त्याची यादी जहाजावर चढल्यावर. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी समुद्राच्या अमुक टापूत सेवा तुटक राहील, हे एक वाक्य तिकिटाबरोबर आलं असतं तर मी घरी सांगून निघालो असतो. हवामानखातं पावसाचा अंदाज देतं तेव्हा त्याच्यावर कोणी खटला भरत नाही. तुम्हीही द्या अंदाज. चुकला तरी चालेल.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुम्ही निरोप आणि करमणूक एकाच तागडीत तोलता. दोन्ही 'इंटरनेट' म्हणून विकता, आणि कमी पैसे देणाऱ्याच्या वाट्याला निरोपाचा अर्धा तुकडा देता. तंत्राच्या बाजूने याला काही आधार नाही. ५ मेगाबिटने चालणारा एक मिनिटाचा व्हिडिओ साडेसदतीस एमबी खातो. लिहिलेला एक निरोप, त्याच्या वेष्टनासकट, दोन केबी धरला तरी त्या एका मिनिटात अठरा हजारांवर निरोप मावतात. माझ्या भावाच्या व्हॉइस नोटसारख्या पावणेचारशे. म्हणजे त्या नव्या फोनवाल्या गृहस्थांनी व्हिडिओतलं पहिलं एक मिनिट वगळलं असतं, तर तेवढ्यात शेकडो केबिनमधल्या घरच्या बातम्या येऊन गेल्या असत्या.

गर्दीत कोणाला आधी वाट द्यायची, हे ठरवण्याची यंत्रं तुमच्याकडे आहेतच. त्यांच्याच जोरावर तर तुम्ही व्हॉइस नोट ओळखून अडवता. जे अडवता येतं ते पुढेही सोडता येतं. सेटिंग तेच, फक्त उलटं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. लिहिलेला निरोप, व्हॉइस नोट, मध्यम आकाराचा फोटो आणि रोज काही मिनिटांचा आवाजाचा कॉल, एवढं जहाजावरच्या प्रत्येक माणसाला तिकिटातच द्या. व्हिडिओ विका, खेळ विका, थेट सामने विका, त्याचे हवे तेवढे पैसे घ्या. मी स्वतः घेईन. जहाजावर पिण्याचं पाणी फुकट आहे आणि कॉकटेल विकत, याबद्दल कधी कोणी भांडलेलं नाही. (बाटलीबंद पाण्याबद्दल भांडतात, तो विषय वेगळा.)

'प्रत्येक माणसाला' म्हणताना मी प्रवाशांपुरतं म्हणत नाही. काउंटरवरच्या त्या मुलीशी पुढचे दोन दिवस येता-जाता बोलणं व्हायचं. तिची मुलगी चार वर्षांची, आजीकडे. आठ महिन्यांचा करार, त्यातला सहावा चालू. ती मुलीशी कधी बोलते, असं विचारलं तर म्हणाली, रात्री तीनला. तेव्हा प्रवासी झोपलेले असतात आणि कर्मचाऱ्यांच्या नेटला जरा दम येतो. कर्मचाऱ्यांच्या मेसच्या बाहेर जिन्याची एक पायरी आहे, तिथे सिग्नल धरतो. रात्री तीनला त्या पायरीवर जागा मिळवायलाही नंबर लागतो म्हणे. सकाळी दहाला तीच मुलगी इस्त्री केलेल्या गणवेशात, आपल्या माणसांच्या सतत संपर्कात राहा, या ओळीखाली उभी.

तिच्या बाजूने कायदा थोडा तरी हलला आहे. सागरी कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून त्या लागू आहेत. जहाजावरच्या सोयीसुविधांत आता घरच्यांशी आणि जगाशी संपर्क ही गोष्ट मोजली जाते. शक्य तितपत इंटरनेट द्यावं आणि शुल्क घेतलंच तर वाजवी असावं, असं मार्गदर्शन त्यात आहे. या करारात खलाशी म्हणजे फक्त इंजिनरूममधला माणूस नव्हे. जहाजावर कोणतंही काम करणारा त्यात येतो: स्वयंपाकी, वाढपी, चादरी बदलणारे, रात्री गाणारी. बाकी, 'शक्य तितपत' आणि 'वाजवी' या दोन शब्दांच्या फटीतून तुमचं सगळ्यात मोठं जहाजही आरामात निघून जाईल, हे तुमच्या वकिलांना मी सांगायला नको. तरीही फटीतून न जाता दारातून जायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

निरोपांच्या रांगेत आधी कोण, हा प्रश्न समुद्रावर नवा नाही. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकचा वायरलेस ऑपरेटर जॅक फिलिप्स प्रवाशांच्या तारांचा ढीग उपसत होता. आदल्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, त्यामुळे काम तुंबलेलं. तारा न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे जात होत्या. खुशाली, व्यवहार, पोचल्यावर भेटू, असलं सगळं. त्यात जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने मध्येच सांगितलं, की आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. फिलिप्सने त्याला गप्प केलं: मी केप रेसच्या कामात आहे. कॅलिफोर्नियनच्या ऑपरेटरने थोड्या वेळाने यंत्र बंद केलं आणि तो झोपायला गेला. अकरा चाळीसला टायटॅनिक हिमनगावर आदळलं. त्यानंतर कॅलिफोर्नियनवर तिची हाक ऐकायला यंत्रापाशी कोणी नव्हतं.

फिलिप्सला दोष द्यायला मी हे सांगत नाही. तो शेवटपर्यंत मदत मागत बसला होता आणि त्या रात्रीत मेला. पण टायटॅनिकवरचे दोघे वायरलेस ऑपरेटर मार्कोनी कंपनीचे नोकर होते आणि प्रवाशांच्या तारांचे पैसे येत होते. पैशाची वाहतूक कोणती आणि गरजेची कोणती, हे रात्री अकरा वाजता थकलेल्या एका माणसावर सोडलेलं होतं. १९१४ च्या सुरक्षा करारात प्रवासी जहाजांसाठी चोवीस तास वायरलेसवर कान ठेवण्याचं ठरलं. संकटाची हाक आता वेगळ्या वाटेने जाते, १९९९ पासून तर मोर्सवर अवलंबूनही नाही, आणि तुमच्या पॅकेजांचा तिच्याशी संबंध येत नाही. ठीक. जहाजाची हाक सोडवली गेली. माणसाची राहिली.

तशी वेळ आली की तुम्हालाही पटतंच. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जपानमध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर ३,७११ माणसं अडकली होती. जपान सरकारने तेव्हा सुमारे २,००० फोन जहाजावर वाटले, त्यांत लाइन हे निरोपांचं ॲप घालून. डॉक्टरांशी बोला, औषधं मागा, काही विचारायचं असेल तर विचारा. केबिनच्या दाराआड कोंडलेल्या माणसासाठी निरोप हेच औषध मिळायचं साधन झालं. तिथे जहाज किनाऱ्याला होतं, जमिनीवरचं नेटवर्क हाताशी होतं. हेच चार दिवसांच्या अंतरावर घडलं असतं तर सगळा भार तुमच्या माथ्यावरच्या त्या पांढऱ्या घुमटांवर आला असता, आणि त्या दिवशी कोणाकडे कोणतं पॅकेज आहे हे बघायला बसणं तुम्हालाही शोभलं नसतं.

आणखी एक गोष्ट जाता जाता. भर समुद्रात वाय-फाय असलं तरी एसएमएस सहसा येत नाही, कारण फोनला घरचं मोबाइल नेटवर्क नसतं. बँकेचा ओटीपी एसएमएसवर येतो. आईच्या औषधांचे पैसे भरायला गेलो तेव्हा लक्षात आलं, की वरचं पॅकेज घेऊनही मी माझ्याच पैशाला हात लावू शकत नाही. फ्लाइट मोड काढून जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडावं, तर ते रोमिंग असं की भावाने भरलेले पैसे बरे. ओटीपी ॲपवर किंवा ईमेलवर येण्याची सोय घरूनच करून निघा, एवढी एक ओळ तुम्ही प्रवासाआधी पाठवता त्या सूचनांमध्ये घालता येईल. त्या सूचनांत कोणत्या संध्याकाळी कोणत्या रंगाचे कपडे घालायचे ते असतं, तेव्हा जागा नक्की आहे.

तुमच्या बाजूचा एक युक्तिवाद मला दिसतो. फुकट दिलं की लोक ते ताणतात, निरोपाच्या नावाखाली सिनेमे पाठवतात. पाठवतील. आकाराची मर्यादा घाला. फोटो बारीक करून पाठवा, मोठी फाइल रात्री सोडा. दुसरा युक्तिवाद असा, की माणूस समुद्रावर येतो तो फोनपासून सुटका म्हणून. हा मी तुमच्या जहाजावरच एका अधिकाऱ्याकडून ऐकला, आणि तो बोलताना त्याच्या खिशातला फोन दोनदा वाजला. सुटका हवी असणाऱ्याला फोन बंद ठेवता येतो. ज्याला घरी आजारी माणूस सोडून यावं लागलं, त्याला मात्र सुटका विकत घ्यावी लागते, आणि ती वरच्या पॅकेजमध्ये असते.

मी पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे. समुद्र मला आवडतो. पहाटे डेकवर कोणी नसतं तेव्हा चारी बाजूंनी नुसतं पाणी बघत उभं राहायला मला आवडतं. तिथे इंटरनेट नसलं तरी माझं काही अडत नाही. फक्त ते आहे असं सांगून, एखाद्या सकाळी गाळणीतून देऊ नका.

कळावे,
एक प्रवासी

ता. क. हे पत्र लिहिण्याआधी पुढच्या सफरीचं बुकिंग बघत होतो. तुमच्यापैकी एका कंपनीला लेखी विचारलं: 'मेसेजिंग पॅकेजमध्ये व्हॉइस नोट येते का? हो किंवा नाही.' चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'आपल्या प्रश्नाबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या जहाजावर समुद्रातलं सर्वात वेगवान वाय-फाय उपलब्ध आहे.' खाली त्याच आजीबाईंचा फोटो.